सव्वादोन वर्षांचा मुलगा बोलत नाही : थांबावे की तपासून घ्यावे?

विटेकरीण

सर्वांना नमस्कार. आमचे घर खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे. या भागातील अनेक कुटुंबांप्रमाणे माझे यजमान गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त तामिळनाडूत असतात आणि मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच आम्हीही तिकडे राहावयास गेलो होतो. दिवाळीपासून मी मुलाला घेऊन सासरी आले आहे. मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे. तो तेराव्या महिन्यात चालू लागला, त्याचे वजन आणि उंची वयाप्रमाणे आहे, आजारीही फारसा पडत नाही. परंतु तो बोलत नाही. दीड वर्षाचा असताना तो ‘अम्मा’, ‘पाणी’ आणि ‘ता’ असे म्हणत असे. हे शब्द हळूहळू कानावर येईनासे झाले आणि आता तो केवळ आवाज काढतो.

त्याला भूक लागली की तो माझे मनगट धरून मला स्वयंपाकघरात नेतो आणि माझा हात उचलून डब्यावर ठेवतो, मात्र त्या वेळी माझ्या तोंडाकडे पाहत नाही. डब्याचे झाकण फरशीवर उभे करून गरगर फिरवायचे आणि ते पडेपर्यंत फरशीला गाल लावून पाहत राहायचे, हा त्याचा सर्वांत आवडता खेळ आहे. हाक मारली तर तो बहुतेक वेळा वळून पाहत नाही. पलीकडच्या खोलीत मोबाइलवर गाणे लागले तर मात्र धावत येतो, त्यामुळे त्याला ऐकू येते याविषयी घरात कोणालाच शंका नाही.

सासूबाई म्हणतात की त्याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. दिरांच्या मते तिकडे तमिळ आणि घरात मराठी असे दोन्ही कानावर पडल्याने मुलगा गोंधळला आहे. शेजारच्या आजी वेखंड उगाळून चाटवण्यास सांगतात, तर आणखी एकांनी जिभेखालचा पडदा कापून घ्या असे सुचवले. एका डॉक्टरांना दाखवले असता त्यांनी मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा, असे सांगून आम्हांला परत पाठवले. हे सर्व ऐकून घेतले तरी माझे मन मानत नाही. त्याचा जन्म पस्तिसाव्या आठवड्यात झाला होता, त्याला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवले होते आणि कावीळही झाली होती, हेही सांगून ठेवते.

थांबावे की तपासून घ्यावे, आणि तपासायचे तर सांगली, मिरज की पुणे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मुलाला एकदा एखाद्या आजाराचे नाव चिकटले की ते जन्मभर पुसत नाही, अशी घरातील वडीलधाऱ्यांची भीती आहे, आणि त्यांच्या भीतीला मी सरळ उडवून लावू शकत नाही.

बालरोगतज्ज्ञ_सातारा

ताई, थांबू नये. तीन वर्षांची वाट पाहण्याचा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो आणि त्यामुळे ज्या काळात मेंदू सर्वांत वेगाने शिकत असतो तोच काळ हातातून जातो, म्हणून हे आधी सांगतो.

आता कारण सांगतो. मूल बोलते की नाही, याकडे आपण सगळे लक्ष लावतो. परंतु बोलणे हे संवादाच्या अनेक पायऱ्यांनंतर येते आणि त्या आधीच्या पायऱ्या पाहिल्या तर बरेच काही आधीच कळते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे एकसारखे आवाज काढू लागते, नाव घेतले की वळून पाहते, आणि वर्षाच्या आसपास बोटाने दाखवणे, टाटा करणे, नको असेल तर मान हलवणे सुरू होते. बाराव्या महिन्यापर्यंत कोणताही हावभाव नसणे, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसणे, चोविसाव्या महिन्यापर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द आपणहून न जोडणे, आणि कोणत्याही वयात एकदा आलेले कौशल्य जाणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तपासणी करावी, असा बालरोगशास्त्रातील सर्वमान्य दंडक आहे. आपण लिहिलेल्या माहितीत शेवटच्या दोन्ही गोष्टी आहेत. आलेले शब्द जाणे ही तर सर्वांत महत्त्वाची खूण आहे. वडील उशिरा बोलले असतील, पण आलेले शब्द त्यांनी गमावले होते का, हे सासूबाईंना अवश्य विचारावे.

हात धरून डब्यावर ठेवण्याविषयी आपण जे लिहिले आहे, त्यावर थोडे थांबतो, कारण तपासणीच्या खोलीत पाच मिनिटांत जे दिसत नाही ते आपण घरी पाहिले आहे. मूल दोन प्रकारे बोट दाखवते. एक, हवी ती वस्तू मिळवण्यासाठी. दुसरा प्रकार निव्वळ दाखवण्यासाठी. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला तर दीड वर्षाचे मूल त्याकडे बोट करते आणि लगेच मागे वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहते, कारण ‘तूही पाहिलेस ना?’ हे त्याला विचारायचे असते. त्याला ट्रॅक्टर नको असतो, आईबरोबर तो पाहायचा असतो. हा दुसरा प्रकार नसणे आणि आईच्या हाताचा साधनासारखा उपयोग करणे, या गोष्टी स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, तपासणीत बारकाईने पाहिल्या जातात. झाकण फिरवणे एकट्याने फारसे काही सिद्ध करत नाही, पुष्कळ मुले ते करतात. परंतु नावाला प्रतिसाद कमी, नजर कमी, दाखवणे नाही आणि शब्द गेले, या सर्वांच्या सोबतीने ते आले की त्याला अर्थ येतो.

याचा अर्थ आपल्या मुलाला स्वमग्नता आहे असे मी म्हणत नाही, आणि न पाहता कोणीही म्हणू नये. ऐकण्यात दोष असणे, केवळ भाषेचा विकास मागे पडणे, एकूणच विकास मंद असणे आणि स्वमग्नता, या चार शक्यता तपासून एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागतात, आणि कधी कधी दोन एकत्रही असतात. केवळ भाषेत मागे असलेले मूल सहसा सांगितलेले समजते, खाणाखुणांनी बोलते, खोटे खोटे जेवण भरवते, आपली नक्कल करते. आपला मुलगा न दाखवता, फक्त शब्दांनी सांगितलेली ‘चप्पल आण’ ही गोष्ट करतो का, हे पाहून ठेवावे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली असते. तो त्या वयात बसतो. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्यात गुण जास्त आले म्हणून स्वमग्नता ठरत नाही, आणि कमी आले तरी आईची शंका कायम असेल तर पुढे पाहिलेच पाहिजे.

घरातल्या बाकीच्या मतांबद्दल थोडक्यात लिहितो. मुलगे सरासरीने किंचित उशिरा बोलतात हे खरे, पण तो फरक इतका मोठा नसतो की सव्वादोन वर्षांच्या मौनाचे कारण व्हावा. दोन भाषांमुळे वाचाविकार होत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना तमिळ आणि मराठी मिळून मोजावेत आणि घरात जी भाषा मनापासून येते ती बोलत राहावी. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर दूध ओढताना किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, परंतु त्यामुळे मूल बोलायचेच थांबत नाही, तेव्हा कापाकापीची घाई करू नये. वेखंडाने वाचा येत नाही. तो मधातून चाटवण्याची पद्धत असल्याने येथे वाचणाऱ्या इतर मातांसाठी सांगतो की एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. पाच आठवडे आधी झालेला जन्म या वयात एवढा फरक पाडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत सुधारून धरतात आणि आपला मुलगा ते ओलांडून गेला आहे.

सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्यावी. त्याच सुमारास थायरॉइडची रक्ततपासणी पूर्वी झाली होती की नाही, हे जन्माच्या कागदपत्रांत पाहावे. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून गोळी सुरू केली तर बुद्धीची मोठी हानी टळते, पण आपल्याकडे ती तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) सरसकट करू नयेत. झटके येणे, डोक्याचा घेर असामान्य असणे, शरीराची एक बाजू कमजोर असणे असे काही असेल तरच त्यांची गरज पडते. स्वमग्नतेचे निदान रक्तावरून किंवा मेंदूच्या छायाचित्रावरून होत नाही, ते मुलाचे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेला इतिहास यांवरून होते. म्हणून आपण येथे जे लिहिले आहे तेच एका कागदावर, वयानुसार, लिहून न्यावे. शक्य असल्यास झाकण फिरवताना, हाक मारताना आणि डब्याकडे नेतानाचे छोटे व्हिडिओ सोबत ठेवावेत.

नाव चिकटण्याच्या भीतीबद्दल इतकेच सांगतो की उपचारांसाठी नावाची वाट पाहावी लागत नाही. संवाद मागे आहे एवढे दिसले की वाचाउपचार सुरू करता येतात, आणि पुढे निदान काहीही निघाले तरी ते वाया जात नाहीत.

श्रवणतज्ज्ञ_मिरज

डॉक्टरसाहेबांनी कानांपासून सुरुवात सांगितली आहे, त्याला जोडून लिहिते.

‘गाण्याला धावत येतो म्हणजे ऐकू येते’ हे वाक्य मी रोज ऐकते, आणि त्या पालकांचे म्हणणे खोटे नसते. परंतु ऐकू येणे ही होय किंवा नाही अशी एकच गोष्ट नाही. कुकरची शिट्टी, दार आपटणे, पडलेले भांडे, मोबाइलचे मोठे गाणे हे सर्व ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ असे हलके आणि उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नसतील, तर त्याच्या कानावर भाषा अर्धवटच पडते. शिवाय लहान मुले सावली, हवेचा झोत, जमिनीचा कंप यांवरूनही वळतात. घरी पाहायचे असेल तर मूल शांत बसून खेळत असताना त्याच्या मागे, त्याला दिसणार नाही असे, हातभर अंतरावर बसावे आणि साध्या बोलण्याच्या आवाजात ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म’, ‘श’, ‘स’ हे सहा आवाज मध्ये बराच वेळ सोडून एकेक करून काढावेत. तोंडासमोर हात धरू नये, त्याने आवाज बदलतो. मूल कोणत्या आवाजाला थबकले आणि कोणत्या आवाजाला नाही, याची नोंद करून आणली तर आमचे काम सोपे होते. मात्र यावर विसंबून दवाखान्याची तपासणी टाळू नये, कारण ज्या मुलाचे लक्षच माणसांच्या आवाजाकडे जात नाही ते मूलही असेच गप्प बसते आणि दोन्हींतील फरक यंत्राशिवाय कळत नाही.

दवाखान्यात साधारणपणे तीन तपासण्या होतात. ‘ओएई’ मध्ये कानात एक छोटी नळी ठेवून आतल्या कानातील पेशींचा प्रतिसाद मोजतात; ती काही मिनिटांत होते. ‘बेरा’ मध्ये कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाटेने कसा पोहोचतो ते पाहतात. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठले आहे का, हे तिसऱ्या तपासणीत कळते आणि ते औषधोपचाराने बरे होणारे कारण असल्यामुळे ती वगळू नये. आपला मुलगा काचेच्या पेटीत राहिला होता आणि त्याला कावीळ झाली होती, म्हणून केवळ ‘ओएई’ वर थांबू नका, ‘बेरा’ करूनच घ्या. काविळीमुळे काही मुलांत आतला कान चांगला राहतो पण पुढची नस नीट काम करत नाही, आणि असा दोष ‘ओएई’ मध्ये सापडत नाही.

‘बेरा’ साठी मूल गाढ झोपलेले असावे लागते. म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवावे, सकाळी लवकर उठवावे, आणि विट्याहून येताना एसटीत डोळा लागू देऊ नये. नाहीतर मूल प्रवासात झोपते, येथे पोहोचल्यावर टक्क जागे होते आणि सगळा दिवस फुकट जातो. सोबत त्याचे रोजचे पांघरूण आणि दुधाची बाटली असू द्यावी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करून तारीख घ्यावी.

एक नाजूक गोष्टही सांगावीशी वाटते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. रक्ताच्या नात्यातील विवाहात जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. कोणी विचारले तर त्याचा राग मानू नये; निदानासाठी ते विचारावेच लागते. नवजात बाळाची चाळणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्र सहाव्या महिन्यापर्यंत, असे आमच्या क्षेत्रातील ठरलेले वेळापत्रक आहे. ज्यांच्या घरी आता बाळ येणार आहे त्यांनी ते लक्षात ठेवावे.

निवृत्त_पर्यवेक्षिका_तासगाव

माझी सारी नोकरी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून गेली, त्यामुळे ताईंचा प्रश्न वाचून राहवले नाही. आपल्याजवळ गरोदरपणात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर ते उघडून पाहावे. त्यात वजनाच्या आलेखाशिवाय एक पान असे आहे की ज्यावर कोणत्या महिन्यात बाळाने मान धरावी, बसावे, बोट दाखवावे, शब्द बोलावा, याची चित्रे आहेत. वजनाचा आलेख बहुतेक कार्डांवर भरलेला असतो, परंतु विकासाचे पान मी तपासलेल्या कितीतरी कार्डांवर कोरे होते. सेविकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, त्यांच्यावर नोंदवह्यांचे ओझे फार आहे. पण कुपोषणाकडे जेवढे डोळे लागलेले असतात त्यांतला एक जरी विकासाकडे वळला तर पुष्कळ मुले वेळेत सापडतील. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२३ मध्ये अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती काढली आहे, तिची अंमलबजावणी गावोगावी मनापासून व्हावी, अशी माझी तळमळ आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची यात मोफत तपासणी होते. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. संशय आलेल्या मुलाला ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तेथे बालरोगतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सर्व एकत्र असावेत अशी त्या केंद्राची रचना आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या पथकाची चौकशी करावी; पथक गावात येण्याची वाट पाहण्याची गरज नाही, मुलाला घेऊन आपण जाऊ शकता. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत घातले आहे का? बाहेरगावाहून आलेल्या मुलाचीही नोंद होते, नसेल तर उद्याच करावी.

पथक येते त्या दिवशी जे मूल गावात नसते ते राहून जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. गलाईवाल्यांची मुले परमुलखात असतात, तर ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यात येणाऱ्यांची मुले दिवाळीनंतर फडावर असतात आणि गाळप संपले की परत जातात. दोघांच्याही बाबतीत तपासणी एका गावात आणि मूल दुसऱ्या गावात, अशी गत होते. कारखान्याच्या तळावर सेविकांनी मुद्दाम जाऊन पाहणे आवश्यक आहे.

बोलण्याखेरीजच्या काही खुणाही येथे नोंदवते, कारण हा प्रश्न वाचायला येणाऱ्यांत वेगळी शंका असणारेही असतील. पाचव्या महिन्यातही मान न धरणे, नऊ महिने होऊन गेले तरी आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षाचे झाले तरी न चालणे, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. जी खूण कौतुकाने दुर्लक्षिली जाते ती अशी : वर्षाच्या आतील बाळ सगळे एकाच हाताने घेते, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहते, आणि घरचे म्हणतात की आमचा बाळ डावखुरा होणार. इतक्या लहान वयात हात ठरत नसतो. तेव्हा दुसऱ्या हातात कमजोरी आहे का, मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची, ती सौम्य सुरुवात आहे का, हे पाहून घ्यावे लागते. तसेच तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडत असेल, पोटऱ्या भरदार दिसत असतील, आणि जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत वर येत असेल, तर तो आळशी नसतो. स्नायूंच्या आजाराची तपासणी करावी लागते. डोळ्याच्या बाहुलीत, विशेषतः फोटोत, पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे, कारण ती डोळ्यातील गाठीचीही खूण असू शकते.

विटेकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना विचारले, यजमान उशिरा बोलले, पण आलेले शब्द गेले नव्हते आणि हातवारे करून सगळे मागत असत, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर त्याच मला म्हणाल्या की मिरजेला जाताना मीही येते. ‘चप्पल आण’ हे मुलाला केवळ शब्दांनी सांगितले तर कळत नाही, बोटाने दाखवूनही त्याची नजर माझ्या बोटावरच राहते, चपलेकडे जात नाही. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिकडे मी एकटी असल्याने मुलगा दिवसाचा बराच वेळ मोबाइल पाहत असे, त्यामुळेच हे झाले असे यजमानांना वाटते. आणि नात्यातील एकांनी मोठ्या शहरातील ‘स्टेम सेल’, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचारांची जाहिरात पाठवली आहे, खर्च काही लाखांचा आहे. यजमान जमीन गहाण ठेवण्याचे बोलत आहेत.

कोयनाकाठ_कराड

ताई, माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याचे स्वमग्नतेचे निदान तिसरे वर्ष लागण्यापूर्वी झाले. डॉक्टर आपल्या प्रश्नांची उत्तरे देतीलच, मी घरातील आणि कागदांच्या बाजूचे लिहितो.

वाचाउपचार आठवड्यातून एकदा-दोनदा होतात, उरलेले सगळे तास मूल आपल्यापाशी असते, म्हणून खरे काम घरात चालते. आमच्या उपचारतज्ज्ञ बाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती अशी : मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचे आणि त्याच्याच खेळात शिरायचे. तो झाकण फिरवत असेल तर ते काढून घ्यायचे नाही. आपणही दुसरे झाकण घ्यायचे, ‘फिर… फिर… पडलं!’ असे दर वेळी त्याच शब्दांत म्हणायचे, आणि काही दिवसांनी ‘पडलं’ च्या आधी थांबून त्याच्याकडे पाहायचे. त्या थांब्यात मूल एकदा मान वर करते. आमच्याकडे शब्द यायला पुढे बराच काळ लागला, पण नजर आधी आली. डबा हवा असेल तेव्हा हात धरून नेले की लगेच देऊ नये, दोन वस्तू समोर धराव्यात आणि त्याने हात पुढे केला तरी ती निवड मानून वस्तूचे नाव घेऊन द्यावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला घाबरू नये. उपचार सुरू करण्यासाठी ते लागत नाही. पुढे लागते ते शिक्षणासाठी आणि योजनांसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सर्व आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आम्हांला एका खासगी शाळेने ‘तुमचा मुलगा आमच्याकडे रमणार नाही’ असे सांगून परत पाठवले होते. आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तेथे येतात, आणि वर्गातील मुलांनी त्याला ज्या सहजपणे आपलेसे केले आहे त्याला तोड नाही. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरून जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे जावे लागते. लहान वयात मिळणारे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, पुढे फेरतपासणी होते, त्यामुळे ते जन्माचा शिक्का आहे असे घरच्यांनी समजू नये. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. तिचे संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असते आणि त्यात उपचारसत्रांचाही काही खर्च मिळतो. यजमान तामिळनाडूत असले तरी कागदपत्रांवरचा पत्ता एकच ठेवावा, नाहीतर दोन राज्यांत धावपळ होते.

बालरोगतज्ज्ञ_सातारा

ताई, आपण पाहिलेली बोटाची गोष्ट तपासणीत अवश्य सांगा. बोटाच्या दिशेने नजर न जाणे ही महत्त्वाची माहिती आहे.

मोबाइलमुळे स्वमग्नता होत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द सध्या फिरतो आहे, परंतु ते मान्यताप्राप्त निदान नाही, आणि त्या नावाखाली आईला गुन्हेगार ठरवणे मला अन्यायाचे वाटते. परमुलखात एकटीने मूल सांभाळणाऱ्या आईने मोबाइल दिला तर त्यात नवल नाही. मात्र पडद्यापुढे गेलेला वेळ हा माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून वजा झालेला वेळ असतो, आणि या मुलाला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडदा नको, आणि कमी तितके चांगले. आपल्या मुलासाठी तो पूर्ण बंद करावा, पण एकाएकी हिसकावून न घेता ती जागा आजीच्या, काकांच्या सहवासाने आणि वर सांगितलेल्या खेळांनी भरावी. काही मुलांत यानेच चांगला फरक दिसतो. तसा दिसला तरी तपासणी रद्द करू नये.

जमीन गहाण ठेवू नका, हे यजमानांना माझ्या नावाने सांगा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपयोग रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या बाबींपुरता आहे. स्वमग्नतेवर तो सिद्ध झालेला उपचार नाही. मेंदूचे टॉनिक, ऑक्सिजनच्या बंद खोलीतील सत्रे, शरीरातील धातू काढण्याची औषधे यांनाही हेच लागू आहे, आणि शेवटच्या प्रकारात तर जिवाला धोका आहे. तो पैसा वाचाउपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कृती आणि खेळांतून दिले जाणारे उपचार) आणि जाण्यायेण्याच्या खर्चासाठी राखून ठेवा, ते काम काही वर्षांचे असते.

पुण्याला जाण्याची आत्ता गरज नाही. आधी मिरजेस ‘बेरा’, त्यानंतर जिल्ह्याच्या केंद्रात किंवा विकासात्मक तपासणी करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे सविस्तर मूल्यमापन, आणि वाचाउपचारांची पहिली वेळ ‘बेरा’ च्या तारखेची वाट न पाहता आजच मागून ठेवावी, कारण तेथे रांग असते. जाताना जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, काविळीचे रिपोर्ट आणि तामिळनाडूतील लसीकरणाचे पुस्तक बरोबर ठेवा. काविळीचा आकडा किती चढला होता, हे कानाच्या डॉक्टरांना त्यातूनच कळेल.